बशीएवढ्या चाकाचं इंजिन

जळगाव आणि धुळे मिळून निदान चाळीस इंजिनियर मी पास केलेत. मी स्वतः सातवी नापास, तेही दोनदा. दुसऱ्या वेळेस मास्तरांनीच माझ्यापुढे हात जोडले.

हे कसं जमलं ते सांगतो. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोरांना एक मशीन स्वतःच्या हातानं बनवून दाखवावं लागतं. स्वतःच्या हातानं म्हणजे माझ्या. चार-चार जणांचा गट यायचा, मोबाइलमधे एक चित्र दाखवायचा आणि विचारायचा, काका, परीक्षेच्या आधी होईल ना? मी मका सोलायचं मशीन केलं, केळीच्या खोडातून धागा काढायचं केलं, एक तर असं केलं की ते काय करतं हे मलाच माहीत नव्हतं, पण फिरायचं मस्त. एका पोरानं तर तोंडी परीक्षा चालू असताना संडासात जाऊन मला फोन लावला. काका, बाहेरचे सर विचारताहेत की वरचा दांडा कशासाठी आहे. मी म्हटलं, उचलून न्यायला सोपं पडावं म्हणून लावलाय. त्यानं आत जाऊन इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, पण पहिल्या वर्गात पास झाला.

त्या चाळिसातल्या एकाला मी मुलगी पण दिली. नितीन त्याचं नाव, धुळ्याचा. मका सोलायचं मशीन कुठपर्यंत आलं ते बघायला यायचा आणि मशीनकडे पाठ करून, आमच्या आरतीच्या हातचा चहा पीत बसायचा. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण मी तेव्हा मका सोलत होतो.

माझं नाव सुपडू. जन्मल्यावर पोर जगावं म्हणून मला सुपात घालून ओढला, म्हणून सुपडू. जगलो, पण नाव बदलायचं सगळे विसरले. चाळीस वर्षं लेथवर काढली, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेठच्या वर्कशॉपमधे. ज्यांनी लेथ पाहिली नाही त्यांना सांगतो. लोखंडाचा दांडा जबड्यात धरायचा, गरागरा फिरवायचा आणि त्याला धारेचं टूल लावायचं. बटाट्याची साल निघते तशी लोखंडाची निघते. बाकी दुनियेत काम एका जागी पडलेलं असतं आणि माणूस पळत असतो. लेथवर काम फिरतं, माणूस उभा. म्हणून हा धंदा मला मानवला.

आमचं माप थाऊत चालतं. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे थाऊ. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. मी लोकांना छाती फुगवून सांगायचो की आपण केसाच्या तिसऱ्या हिश्शात काम करतो. खरं सांगू का, शेठकडे कामं यायची शेतकऱ्यांच्या पंपाची. मे महिन्यात केळीला एक दिवस पाणी नाही मिळालं तर पानं करपतात, त्यामुळे रावेर-सावद्याचा माणूस पंपाचा दांडा खांद्यावर घेऊन यायचा आणि म्हणायचा, ढिलं चालेल पण आत्ता दे. अशा कामात थाऊ कोण बघतो? घट्ट झालं की हातोडा, ढिलं झालं की पत्र्याची चिप्पी. हातोड्यानं बसलं म्हणजे फिट, हा माझा नियम. चाळीस वर्षं तक्रार घेऊन कोणी परत आलं नाही. कदाचित रागानं दुसरीकडे गेले असतील.

शेठनी वर्कशॉप बंद केलं तेव्हा मला ती साडेसहा फुटी लेथच देऊन टाकली. म्हणाले, सुपडू, बायकोपेक्षा जास्त तू हिच्याबरोबर राहिलाय, घेऊन जा. हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. नको होतं सांगायला.

बायकोचं नाव विमल, माहेर शिरपूरकडचं. एरवी आमच्यासारखीच बोलते, पण संतापली की अहिराणीवर येते. घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं लेथ बसवली. पहिली काही वर्षं पोरांची मशीनं बनवली. मग पोरं येईनात. आता म्हणे मशीन सुट्टं-सुट्टं कुरिअरनं घरी येतं, चार स्क्रू पिळले की झालं. म्हणजे पोरं माझ्याकडे यायचा कंटाळा करायला लागली. लेथ नुसती उभी राहिली. एक दिवस बघतो तर लेथच्या बेडवर, म्हणजे जिथं मी हातरुमाल ठेवू देत नव्हतो तिथं, उडदाचे पापड वाळत घातलेले. मी बोंब मारली. विमल म्हणाली, एवढी सपाट जागा आख्ख्या घरात दुसरी नाही.

तिचंही खरं होतं. तिच्या बचत गटाच्या सहा बाया आमच्या स्वयंपाकघरात केळीचे वेफर्स तळायच्या. उन्हाळ्यात आत जायचं म्हणजे कढईत उतरल्यासारखं. तिला शेड पाहिजे होती. भंगारवाल्याला तिनं निरोपसुद्धा धाडला होता.

आणि नेमके त्याच आठवड्यात सावद्याहून भागवत नाना आले.

नाना म्हणजे शेठकडचं जुनं गिऱ्हाईक. ऐंशीच्या पुढचे, केळीवाले. चाळीस वर्षांत माझ्या एकाही कामाला चांगलं म्हणाले नाहीत, तरी कधी दुसरीकडे गेले नाहीत. त्यांच्या मळ्यात विहिरीवर तरुणपणी एक इंजिन होतं, छातीएवढ्या दोन चाकांचं. आवाजावरून शेजारच्या गावातले लोक ओळखायचे की भागवतचं पाणी चालू आहे. मोटारी आल्या, इंजिन बंद पडलं, पोरांनी भंगारात घातलं. चाकाचा एक तुटका तुकडा तेवढा बांधावर राहिला होता. तो तुकडा नानांनी गोणपाटात गुंडाळून आणला होता, आणि एक फोटो. फोटोत इंजिन आणि इंजिनाला टेकून उभे नाना, पैलवानासारखे.

म्हणाले, यातूनच एक लहान इंजिन काढ, टेबलावर मावेल असं. मी म्हटलं, नाना, शोभेचं सुंदर करून देतो, काचेच्या पेटीत ठेवा.

"मले शोभेचं नही पाह्यजे," नाना म्हणाले. "चालाले पाह्यजे. मले आवाज आयकायचा हाये. तुह्याकून नही होत असंल तं तसं सांग."

हे ते विमलच्या देखत बोलले. मी म्हटलं, होईल. विमल दारात हात पुसत उभी होती. तिनं विचारलं, कधी? मी तोंडाला येईल ते बोललो, आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. तेव्हा पौष चालू होता. विमलनं नानांना साक्षीला धरलं आणि अहिराणीवर आली.

"आखाजीलोंग चालनं तं मशीन ऱ्हाई. नही चालनं तं भंगारमा."

म्हणजे आखाजीपर्यंत इंजिन चाललं तर लेथ राहणार, नाहीतर भंगारात. नाना म्हणाले, बरोबर हाये. गिऱ्हाईक माझं, साक्षीदार तिचा.

कामाला लागलो. नकाशा नव्हता. जावईबापूंनी फोनवर एक पाठवला, तो इंग्रजीत होता आणि दुसऱ्याच इंजिनाचा होता. मग मी फोटोवरच व्हर्निअर, म्हणजे मापाचा चिमटा, लावला. नानांची उंची मला माहीत, त्यावरून चाक किती, दांडा किती असा हिशेब काढायला लागलो. मधेच नानांच्या तोंडावर माप घेतलं. नाना शेजारीच बसले होते. म्हणाले, माह्यं नाक सोड, इंजिन मोज. शेवटी छातीएवढं चाक बशीएवढं करायचं ठरलं. डिझेलवर एवढं छोटं इंजिन चालवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं, म्हणून पेट्रोलवर करायचं ठरवलं. गवत कापायच्या मशीनचा बारका प्लग, जुन्या मोटारसायकलची कॉइल आणि पेट्रोलची टाकी म्हणून हिंगाची डबी. पहिले तीन दिवस शेडमधे नुसता हिंगाचा वास. विमलनं विचारलं, इंजिनाला फोडणी देताय का.

सिलिंडर नानांच्या तुकड्यातूनच काढला. जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मऊ लागतं, टूलखाली काळी भुकटी होऊन पडतं. हात, नाक, कपडे सगळं काळं. तेवढं एक काम पहिल्या झटक्यात चांगलं झालं. बाकी सगळं दोनदा झालं.

क्रँकचा दांडा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हलण्यावरून चाक गोल फिरवणारा वाकडा दांडा, एकाच अखंड लोखंडातून काढायचा होता. तीन आठवडे लागले. बोटाएवढा दांडा, पण असा सुरेख झाला की मी तो खिशात घालून पानाच्या टपरीवर दाखवून आलो. मग त्यावर चाक बसवायला घेतलं. थोडं घट्ट जात होतं. फक्त दोन थाऊ काढायचे होते. पण चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप हातोड्याकडे गेला. ठक, ठक. तिसऱ्या ठोक्याला स्वयंपाकघरातून विमलचा आवाज आला, वाकलं का?

वाकलं होतं. आणखी तीन आठवडे गेले.

पिस्टनच्या वेळेस हातोडा कुलपात ठेवला. अल्युमिनियमचा पिस्टन काढला, माप घेतलं, बरोब्बर. सिलिंडरमधे असा गेला की लोण्यात सुरी. रात्री समाधानानं जेवलो. सकाळी बघतो तर डबीत सुपारी वाजावी तसा पिस्टन आत वाजतोय. झालं असं की टूलखालून निघालेला माल गरम असतो, फुगलेला असतो. गार झाला की आक्रसतो. हे मी शेठकडे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचो, गार होऊ दे, मग मोज. सांगायचं काम मी फार चांगलं करतो.

असं करत चैत्र संपला. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, विमल गटाच्या बायांकडे गेलेली असताना, मी चाकाला हिसका दिला आणि इंजिन चालू झालं. टुक, टुक, टुक... नऊ-दहा सेकंद चाललं असेल. पेट्रोल संपलं म्हणून थांबलं. स्पार्क ज्या जागी पडत होता तिथं मी छिन्नीनं बारीक खूण केली आणि तिथंच पायरीवर बसलो. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. विमल परत आल्यावर सांगितलं, चाललं. ती म्हणाली, कोणी पाहिलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. धुळ्याहून आरती आणि जावईबापू आले. नाना केळीच्या दोन फण्या घेऊन आले आणि शेडसमोर खाटेवर बसले, डोळे मिटून, जसं काही भजन सुरू होणार आहे. टेबलावर मधोमध इंजिन. भंगारवाल्याचा फोन येऊन गेला होता. विमलनं त्याला दुपारपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं.

आता, नवं मशीन कोरडं सुरू करायचं नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. शेठकडे नवी लेथ आली की हळद-कुंकू, नारळ, आणि मूठभर अक्षता वरून टाकायच्या. विमल पुरणात गुंतली होती म्हणून मीच स्वयंपाकघरात गेलो, पहिला हाताला लागला तो डबा उघडला, मूठ भरली, कुंकवात घोळली. आरतीनं ओवाळलं. मी डोळे मिटून, शेठची आठवण काढून, आख्खी मूठ इंजिनावर टाकली. मोठ्या लेथवर टाकायचो तशीच. जावईबापूंनी व्हिडिओ सुरू केला. मी चाकाला हिसका दिला.

काही नाही.

पुन्हा हिसका. चाक भिंगरीसारखं फिरलं आणि थांबलं. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा. मोजायचं सोडून दिलं. घाम डोळ्यात जायला लागला. पत्र्याची शेड, आखाजीचं ऊन.

जावईबापू पुढे आले. "मामा, टायमिंगचा प्रॉब्लेम आहे," म्हणाले. स्पार्क योग्य वेळेला पडत नाही, थोडा मागे घ्या. इतक्या खात्रीनं बोलले की मी ऐकलं. मागे घेतला. मग म्हणाले, जास्त झालं, पुढे घ्या. पुढे घेतला. मग त्यांनी फोनवर काहीतरी वाचलं आणि पुन्हा मागे घ्यायला लावला. माझी छिन्नीची खूण कुठल्या कुठे राहिली.

खाटेवरून नाना डोळे न उघडताच बोलले, "दाब नही लागू ऱ्हायला रे. वारा कुठीतरी पयू ऱ्हायला."

हवा गळतेय म्हणे. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. शेतकरी माणूस, त्यांना काय कळतं. माझ्या शेजारी शिकलेला इंजिनियर उभा होता. आता लिहिताना वाटतं, त्याला मीच पास केला होता. त्या मका सोलायच्या मशीनवर त्याला एक बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, जरी स्वतःच्या हातानं काढायला लावला असता, हात काळे करायला लावले असते, तर त्या दिवशी तो टायमिंग-टायमिंग करत बसला नसता. चाळीस पोरं माझ्याकडे कोरी आली आणि कोरीच परत गेली, फक्त हातात मशीन घेऊन. मला त्याचं फार कौतुक होतं. एकाला तरी काही शिकवलं असतं तर आज सांगायला तोंड राहिलं असतं.

तेवढ्यात विमल जेवायला बोलवायला आली. हिसके देऊन देऊन दमलेला नवरा, फोनमधे बघणारा जावई, डोळे मिटलेला म्हातारा, सगळं एकदा बघितलं. मग टेबलाजवळ आली आणि इंजिनावर सांडलेला तांदूळ वेचायला लागली. तेलात अन्न पडलेलं तिला बघवत नाही. चारपाच दाणे तळहातावर घेतले, जवळ धरून बघितले.

"कुठल्या डब्यातले घेतले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, होता एक डबा खाली, ओट्याच्या.

"ती कणी आहे. खिचडीची. अक्षतांना आख्खा तांदूळ लागतो, एवढं पण माहीत नाही?"

मी म्हटलं, बाई, इथं माझी लेथ हातची चाललीय आणि तुला अक्षता सुचताहेत. तिनं मग विचारलं की काल चाललं होतं ना. मी म्हटलं, देवाशपथ. मग काल आणि आज यांच्यात काय वेगळं केलं? मी म्हटलं, काही नाही, सगळं तेच आहे, फक्त पूजा केली.

ती इंजिनावर वाकली. या इंजिनाला हवा घ्यायला वरच्या बाजूला एक भोक आहे, आगकाडी जाईल एवढं, आकाशाकडे तोंड करून. मोठ्या मशीनला त्यावर जाळी असते. मी ती लावली नव्हती, लहान इंजिनाला काय करायची म्हणून. विमलनं भोकावर बोट ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. कडेला कुंकवाचा लाल ठिपका होता.

मी पाना घेऊन हवेची झडप खोलली. ही झडप म्हणजे पैशाच्या नाण्याहून लहान चकती. उघडली की हवा आत, मिटली की आत दाब तयार होतो. ती मिटतच नव्हती. बरोब्बर कडेवर, अर्धी आत अर्धी बाहेर, कुंकवानं लाल झालेली तांदळाची कणी बसली होती. आख्खा दाणा असता तर वरच्या तोंडालाच अडकला असता.

विमलनं केसातला आकडा काढला, पहिल्या झटक्यात कणी उचलली आणि बोटाच्या टोकावर ठेवली. मी झडप लावली, स्पार्क पुन्हा माझ्या छिन्नीच्या खुणेवर आणला. जावईबापू म्हणाले, पण टायमिंग... आरतीनं त्यांना कोपरानं ढोसलं. हिसका दिला.

टुक. टुक, टुक, टुक.

हिंगाची डबी थरथरत होती, चाक दिसेनासं झालं होतं. नानांनी डोळे उघडले नाहीत. फक्त तर्जनी खाटेच्या लाकडावर आवाजाबरोबर आपटायला लागली. बराच वेळ. मग म्हणाले, "आमचं जरा जड वाजायचं." नानांकडून चाळीस वर्षांत मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

आता शर्त म्हणजे शर्त. लेथ राहिली, आजही शेडमधे आहे. अर्धी शेड तिची, अर्धी कढईची, आणि वेफर्सना मशीन ऑइलचा वास येतो अशी तक्रार अजून कोणाची आली नाही. पण त्या क्षणी मला हे अर्ध्या-अर्ध्याचं सुचलं नाही. इंजिन चालतंय, नाना ऐकताहेत, जावई व्हिडिओ काढतोय, माझी छाती नानांच्या फोटोतल्यासारखी झाली. मी सगळ्यांकडे बघून म्हटलं, बघा, याला म्हणतात मिस्तरी, आता कोण लेथ काढतो ते बघू.

विमल तिथंच उभी होती, बोटावर कणी तशीच. ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाली,

"तुमले तांदूय निवडता येत नही, नि इंजिन बनाडाले चालनात."